उलटं झाकण

आईने टाचणीचं नाव बारा वर्षांत पहिल्यांदा काढलं ते एका रविवारी भर दुपारी, परक्या माणसांसमोर, आणि तेही एका झाकणावरून. एवढा मोठा अबोला मोडायचा तर निदान एखादं दुखणं-बिखणं तरी हवं होतं, असं थोरला नंतर म्हणत असे. पण या घरात मोठ्या गोष्टी कायम क्षुल्लक निमित्ताने झाल्या. आईची एकुलती एक मुलगी टाचणी घर सोडून गेली तीही घेवड्याच्या दाण्यांवरूनच.

धाकट्या सुनेच्या मित्रमंडळींचा तो जेवणाचा रविवार होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिघं जमत, पाळीपाळीने एकेकाच्या घरी. प्रत्येकाने आपल्या घरचा एक पदार्थ करून आणायचा आणि त्याची कृती जाड कागदाच्या कार्डावर लिहून आणायची. कार्ड मात्र लगेच दाखवायचं नाही. आधी खायचं, मग आत काय घातलंय ते ओळखायचं, आणि सगळ्यांनी हात टेकले की मग मोठ्याने वाचायचं. सून दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर परक्यांच्या जबड्यांचे साचे हाताळून तिला माणसं काय खातात आणि कशी खातात याची भलतीच उत्सुकता लागली होती. साचा बघून ती सांगायची, हा बुवा डाव्या बाजूनेच चावतो, ही बाई दातात सुया धरते. नवरा फिरतीवर गेला की घर तिला खायला उठायचं, म्हणून हे मंडळ तिनेच काढलं होतं.

मंडळात दुसरा होता लिफ्टवाला. इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, दारातून जरा आडवाच होऊन आत येणारा. आणि तिसरी ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवणारी बाइंडरीण, चार महिन्यांपूर्वी बंदराच्या गावाहून बदलून आलेली. तिच्या बोटांना सरसाचा वास यायचा, म्हणून पाव तोडण्याआधी ती तो मनगटावर ठेवून हुंगायची. लिफ्टवाला गोड आधी खायचा.

"आता का ते विचारा," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "जेवायला बसलो की कुणीतरी कुठेतरी लिफ्टमध्ये अडकतंच. ताटावरनं उठावं लागतं. गोड आधी पोटात गेलेलं असलं की मग अडकलेल्या माणसावर राग येत नाही."

"आणि तिखट राहिलं तर?"

"तिखट राहिलं तर त्याची लवकर सुटका होते!"

एरवी आई या मंडळात येत नसे. आतल्या खोलीत खिडकीशी भिंग घेऊन जुने नकाशे बघत बसायची आणि बाहेरचं सगळं ऐकायची. पण त्या दिवशी थोरला आला होता. मागच्या आठवड्यात नेलेली शिडी परत करायला म्हणून आला, आणि वेळ बरोबर जेवणाची साधली होती. तो आत जाऊन म्हणाला, "चल, आज दोघंही बाहेर बसू. नाहीतरी तू भिंतीला कान लावूनच बसतेस." आई उठली.

"माझं ताट वेगवेगळं वाढ गं," तिने सुनेला बजावलं. "एकमेकांना लागलेलं मला चालत नाही."

"माहीत आहे, आई." सून मित्रांकडे वळली. "आईंनी चाळीस वर्षं नकाशे काढलेत. भात कालवणाच्या हद्दीत गेला की त्यांना तिथे तंटा दिसतो."

"हस तू," आई म्हणाली. "याला विचार तंटे कसे होतात ते." तिने थोरल्याकडे बोट केलं. थोरला मोजणीखात्यात होता, आणि लोकांची कुंपणं हातभर कशी सरकतात याच्या गोष्टी त्याच्याकडे पोत्याने होत्या. पण त्याचं लक्ष नव्हतं. बाइंडरिणीने आणलेल्या पातेल्याचं फडकं सुटलं होतं आणि तो वास घेत होता. त्याने एकदा वाढून घेतलं. मग न बोलता दुसऱ्यांदा.

आईने पहिला घास घेतला आणि चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

कांदा होता. तासभर मंद आचेवर, गोड होईपर्यंत परतलेला. मग घेवड्याचे पांढरे दाणे, ठेचलेली मिरी, टोमॅटो, आणि वरून तव्यावर कुरकुरीत केलेला पावाचा चुरा. असं तर कुणीही करेल, तिने स्वतःला समजावलं. घेवडा काय आपल्या एकटीच्या परसात पिकतो? तिने दुसरा घास घेतला. चुऱ्यात काहीतरी आंबूस-गोड होतं, आणि मग तिला समजावण्यात अर्थ उरला नाही. ते तिच्या आईच्या हातचं होतं. तिने स्वतः ते बारा वर्षांत केलं नव्हतं. सुनेला या घरात येऊन आठ वर्षं झाली, पण या घरचा रविवारचा घेवडा ती आज पहिल्यांदा खात होती, आणि तोही परकीच्या पातेल्यातून.

"लिंबू?" लिफ्टवाल्याने सुरुवात केली. "नाही? मग चिंच. चिंच नाही? व्हिनेगर!"

"हरलात," बाइंडरीण खुशीत म्हणाली.

"संत्र्याची साल," आई म्हणाली. "किसलेली. पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, कडू होतं."

"काकू!" बाइंडरिणीने टेबलावर हात आपटला. "आजवर कुणाला ओळखता आलं नव्हतं. जिभेला सोन्याने मढवायला हवं तुमच्या. पण थांबा, एक गोष्ट तुम्हालाही नाही सांगता यायची. ती चवीत नाहीच, करण्यात आहे." ती पुढे वाकली. "कांदा झाला की त्याच्यावर झाकण उलटं ठेवायचं. मूठ आत. बरोबर सात मिनिटं."

"मूठ आत?" सून हसली.

"आत! मला पण खुळचटपणाच वाटला. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या झाकणाची मूठ वितळली, प्लास्टिकची होती. कांदा सगळा टाकावा लागला. मग लाकडी मुठीचं झाकण घेतलं खास."

लिफ्टवाल्याने पातेल्याचं झाकण हातात घेऊन उलटसुलट फिरवलं. यंत्र दिसलं की त्याला राहवत नसे. "खुळचटपणा नाही हा," तो म्हणाला. "हे बघा. वाफ वर जाते, झाकणाला लागते, तिचं पाणी होतं. झाकण सुलट असलं की थेंब कडेने उतरतात. उलटं असलं की मधोमध येतात आणि मुठीवरनं टपटप खाली. म्हणजे कांदा जिथे करपायचा तिथेच पाणी. कुणीतरी फार डोकेबाज बाई असणार. शास्त्र आहे यात, शास्त्र!"

"शास्त्र कसलं डोंबलाचं," आईच्या तोंडून निघून गेलं. "उभ्या-उभ्या सुचलं होतं ते. दोन मिनिटांत."



"कुणाला सुचलं होतं?" सुनेने विचारलं.

"आई," थोरला म्हणाला. त्याचा चमचा हवेतच होता. "पुढे बोलू नकोस."

सुनेने थोरल्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग दोघांच्या डोक्यांवरून भिंतीकडे. तिथे आईने काढलेला शहराचा नकाशा चौकटीत होता. त्यात गॅस कारखान्यामागे एक बारीक बोळ दाखवलेला होता. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी तो बोळ शोधत सून तासभर उन्हात फिरली होती आणि घामाघूम होऊन परत आली होती. तेव्हा आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. असा बोळ नाहीच, म्हणाली. आमच्या कचेरीत प्रत्येक जण नकाशात एक काहीतरी मुद्दाम खोटं घालतो. कुणाच्या वाटेत येणार नाही, कुणाचं नुकसान होणार नाही, असं. मग दुसऱ्या कुणाच्या नकाशात तो बोळ दिसला की समजायचं, याने पायपीट केलेली नाही, आपलंच उतरवून घेतलंय. चोर बोळात सापडतो.

"आई," सून हळूच म्हणाली, "हे झाकण म्हणजे तुमचा बोळ आहे ना?"

आईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. थोरल्याकडे तिने बघितलं नाही.

"बायका यायच्या कृती मागायला," ती म्हणाली. "नाही म्हणता येत नाही, आणि द्यावंसंही वाटत नाही. आपण करायचं, आणि चार दिवसांनी दुसऱ्याच घरी ऐकायचं, ही आमची खास कृती म्हणून. मग मी प्रत्येकीच्या कार्डात एकेक बोळ घालायला लागले. चवीला बाधणार नाही असा. शेजारणीला सांगितलं, सालीसकट एक लसूण टाका आणि उकळी आली की काढून घ्या. बहिणीला सांगितलं, मीठ चार वेळा विभागून घाल. कुठे कुणी तसं करताना दिसलं की मला कळायचं, हे कुणाकडून आलंय."

"आणि उलटं झाकण?" बाइंडरिणीने विचारलं. तिला अजून काही कळलं नव्हतं, म्हणूनच तिला विचारता आलं.

"ते एकाच कार्डात होतं. टाचणीच्या."

थोरला उठून खिडकीशी गेला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर होती. टाचणी हे नाव ऐकून त्याला स्वतःचाच राग आला. बहीण बारीक होती, आणि हात लावला की टोचायची, म्हणून ते नाव. ठेवलेलंही त्यानेच.

तो दिवस त्याला पाठ होता. आईच्या कचेरीजवळ एक नवी खाणावळ निघाली होती. सहकाऱ्यांबरोबर आई तिथे जेवायला गेली आणि ताटात तिचाच घेवडा आला. तिने स्वयंपाक्याला बाहेर बोलावून साळसूदपणे विचारलं, कसा करता हो? तो बिचारा भाबडेपणाने सगळं सांगून बसला, उलट्या झाकणासकट. संध्याकाळी आई पायातल्या चपलाही न काढता स्वयंपाकघरात आली आणि सगळ्यांसमोर टाचणीला म्हणाली, "चोर सापडला."

टाचणीने नाकारलं नाही. "मीच दिलं त्याला. मी लग्न करणार आहे त्याच्याशी. तुला सांगायला शब्द जुळवत होते." मग ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते थोरल्याला आजही दिसत होतं. "पण आधी तू सांग. पोटच्या पोरीच्या कार्डातसुद्धा तू खोटं घातलंस?"

"घातलं म्हणून तर सापडलीस," आई म्हणाली.

टाचणी एक पिशवी घेऊन गेली. दाराला कडी आईने स्वतःच्या हाताने लावली आणि म्हणाली, "लागली ती लागली." थोरला तिच्या शेजारी उभा होता. तेव्हापासून तो आईच्या शेजारीच उभा होता. खाणावळ महिन्याभरात बंद झाली, दोघं गाव सोडून गेली, कुठे ते कुणी विचारलं नाही. थोरल्याने घेवडा सोडला. आणि आज न ओळखता दोनदा वाढून घेतला होता.

"काकू," मागून बाइंडरिणीचा आवाज आला, "मला हे कार्ड दिलं ना, त्या वहिनी..."

"कशी दिसते?" आईने मध्येच विचारलं.

बाइंडरीण गोंधळली. आपण पातेल्यातून कुणाच्या घरात काय आणून टाकलं हे तिला आत्ता कुठे उलगडत होतं. बंदराच्या गावात तीन वर्षं ती एका खाणावळीच्या वरच्या खोलीत राहिली होती, आणि ती चालवणाऱ्या बाईइतका जीव तिला सख्ख्या नात्यातही कुणी लावला नव्हता. कागद शिवताना चुकून दोन पानं चिकटली तर ती जेवढ्या सांभाळून सोडवायची, तेवढ्या सांभाळून ती बोलायला लागली.

"बारीक आहेत. बोलायला तिखट. पण ताप आला तर उशाशी बसणाऱ्या. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना वहिनी म्हणायचो. इतर दिवशी स्वयंपाक दादा करतात, त्यांचे यजमान. रविवारचा घेवडा मात्र त्या कुणाला करू देत नाहीत. कुणी खोली सोडून गेलं की त्याला एक कार्ड मिळतं. पन्नासेक तरी दिली असतील आजवर. मला म्हणाल्या, जाशील तिथे करून घाल लोकांना."

"आणि झाकण? ती स्वतः उलटं ठेवते?"

"दर रविवारी. सात मिनिटं. मी पाहिलंय ना."

 तिला राग येईल असं वाटलं होतं, पण आलं ते नुसतं कुतूहल, आणि ते रागापेक्षा जास्त छळत होतं. त्या पोरीला तर माहीत होतं. झाकण उलटं ठेवून काही होत नाही हे तिच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार? ज्या एका ओळीवरून घर सोडलं, ती ओळ बारा वर्षं कुणी पाळतं का? आपण असतो तर खोडून टाकली असती. मग हिने का नाही खोडली?

खिडकीशी थोरला वळला.

"माझ्या कार्डात काय होतं?"

"तुझ्या कशाला..."

"मी वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा तू मला पण दिलं होतंस. घेवडा नाही, भाताचं. अजून त्यावरूनच करतो आम्ही. काय होतं त्यात?"

आईने ताटाकडे बघितलं. "ढवळताना उजवीकडून डावीकडे. उलट दिशेने नाही."

थोरला टेबलाशी येऊन उभा राहिला. लिफ्टवाल्याने नकळत आपलं ताट जवळ ओढलं.

"मी बायकोच्या हातातून पळी काढून घेत आलोय," थोरला म्हणाला. "बारा वर्षं. तशी ढवळू नकोस, भात बिघडतो. पोरांनाही तेच शिकवलं. ती म्हणायची, तुमच्या घरचं काहीतरीच. मी भांडलोय तिच्याशी!" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "आई, मी तुझ्या बाजूने उभा राहिलो. मला वाटलं, टाचणीवर तुझा भरवसा नव्हता. माझ्यावर होता."

"सगळ्यांनाच तसं दिलं," आई म्हणाली. "सवय होती रे ती. हाताला लागलेली. माणसं बघून घातलं नव्हतं."

"तेच टाचणी म्हणत होती! माणसं बघून दे."

"आणि यांच्या कार्डात?" सुनेने नवऱ्याबद्दल विचारलं. तिला भीतीही वाटत होती आणि राहवतही नव्हतं.

"धाकट्याला दिलंच नव्हतं. त्याला चहासुद्धा करता येत नव्हता."

लिफ्टवाला फस्सकन हसला आणि लगेच गंभीर झाला. त्या हसण्याने मात्र थोरल्याचे खांदे खाली आले. तो खुर्ची ओढून बसला, बाइंडरिणीसमोर.

"कार्ड आणलंयस?"

नियमच होता, कार्ड आणायचंच. तिने पिशवीतून पुस्तकासारखं कापडात गुंडाळलेलं, वहिनींनी स्वतः लिहिलेलं कार्ड काढलं आणि आईपुढे ठेवलं. आईने भिंग घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: मधोमधचं दिसणं जात राहील, कडेचं टिकेल. पण किती दिवस, ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं. घरी तिने हे फक्त सुनेला सांगितलं होतं. तेव्हापासून तिला एकच हवं होतं आणि ते ती कुणाला सांगत नव्हती. मुलीचा चेहरा एकदा समोर, मधोमध बघायचा होता, तो कडेला सरकायच्या आत.

अक्षरं तिला ओळींसारखी दिसली, पण त्यांची उभी ठेवण दिसली. कलती नाहीत, एका उंचीची. पट्टी धरून तिनेच ते गिरवून घेतलं होतं, टाचणी सात वर्षांची असताना.

"वाच गं," तिने सुनेला सांगितलं.

सुनेने वाचलं. दाणे भिजवणं, कांदा चिरणं, मंद आच. एकेका पायरीला आई मान हलवत होती. झाकणाची पायरी आली तेव्हा मान हलली नाही. मग मिरी, टोमॅटो, चुरा, साल.

"दहा," आई म्हणाली. "झालं."

"नाही, आई. अकरावी आहे अजून." सुनेने कार्ड उजेडात धरलं. "'गॅस बंद केल्यावर दाराची कडी काढून ठेवावी आणि पाच मिनिटं थांबावं. मग वाढावं.'"

"ते वाफ जायला असणार," लिफ्टवाला म्हणाला. "खाणावळीचं स्वयंपाकघर कोंदट असतं. दार उघडं असलं की..."

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

सुनेने पुन्हा वाचलं.

"हे माझं नाही."

 थोरल्याने कार्ड सुनेच्या हातातून घेतलं आणि ती शेवटची ओळ त्याने स्वतः, बोट ठेवून वाचली. जमिनीचे जुने उतारे वाचायची त्याची सवय होती. कुठली खूण मूळची आणि कुठली नंतरची, हे तो बरोबर सांगायचा.

"हा तिचा बोळ आहे," तो म्हणाला.

"ते करतात त्या खरंच," बाइंडरीण म्हणाली. "आम्ही भुकेने कळवळलेले असायचो. आणि वहिनी कडी काढून घड्याळाकडे बघत दाराशी उभ्या. पाच म्हणजे पाच मिनिटं. एकदा मी म्हटलं, अहो कोण येणारंय, वाढा की. तर त्यांनी इतकं तोडून टाकलं मला... मग कधी विचारलं नाही."

आईने भिंग टेबलावर ठेवलं. 

"मी चुकले रे," ती थोरल्याला म्हणाली. "लोकांच्या घरात चोर शोधायला गेले आणि स्वतःच्या पोरीला दाराबाहेर काढलं. इतकी वर्षं वाटायचं, तिला गरज असेल तर ती कळवेल."

"कळवत होती की," थोरला म्हणाला. "पन्नास कार्डं कळवली." तो बाइंडरिणीकडे वळला. ज्या माणसाने बारा वर्षं बहिणीचं नाव काढू दिलं नव्हतं, त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून टेबलावर ठेवला. "खाणावळीचा नंबर सांग."

"आत्ता नको," आई घाबरून म्हणाली. "आत्ता काय बोलू मी? काहीतरी ठरवू दे. जुळवू दे."

"तीही जुळवतच होती," थोरला म्हणाला. ते लागलं, आणि लागावं म्हणूनच त्याने म्हटलं होतं.

सुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजायला आला होता. "रविवारी किती वाजता वाढतात त्या?"

"दीडला," बाइंडरीण म्हणाली.

थोरल्याने नंबर लावला, घंटा वाजायला लागल्यावर फोन आईच्या हातात दिला आणि तिचं बोट नीट फोनच्या पाठीवर टेकवलं, लहान पोराला पेन्सिल धरायला शिकवावी तसं. सून आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. लिफ्टवाला तोंडातला घास चावायचा थांबला होता.

"खाणावळ," पलीकडून आवाज आला. बारीक, घाईतला. मागे भांड्यांचा खणखणाट होता. "बोला. कोण बोलतंय?"

आईला नाव सांगता येईना. मी आई बोलतेय, एवढं सोपं वाक्य, पण ते बोलायचा हक्क आपण कडी लावून घालवला असं तिला वाटत होतं. ती उभी राहिली. बसून बोलणं तिला जमेना.

"झाकण सुलट ठेवलं तरी चालतं गं," ती म्हणाली.

पलीकडचा खणखणाट चालूच राहिला. मग कुणीतरी कुणाला तरी गप्प राहायला सांगितलं आणि आतलं दार लावल्यासारखा आवाज झाला. 

"माहीत आहे मला," टाचणी म्हणाली. "पहिल्यापासून माहीत आहे."

"मग सुलट का नाही ठेवलंस?"

"सुलट ठेवलं असतं तर तुला कसं कळलं असतं, मी आहे म्हणून?"

आईने पायाने खुर्ची जवळ ओढली आणि फोन कानाला धरून बसली.